तिघांचा परवाना

ती गेल्याचं कळलं तेव्हा काटेसाहेब तिचे मोजे तोलत होते.

लोकरी मोजे, एक जोड, शहाऐंशी ग्रॅम. आकडा वहीत लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फोन वाजला. पोस्टमास्तर बोलत होते. सकाळी पत्रं वाटता वाटता बाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि उठल्याच नाहीत. शेजारच्या शिंप्याने हाक मारली, पाणी आणलं, गाडी बोलावली. गाडीचा काही उपयोग झाला नाही. एवढं सांगून पोस्टमास्तर थांबले. समोरचा माणूस आता रडेल, ओरडेल, निदान "काय?" तरी म्हणेल, याची ते वाट बघत होते.

काटेसाहेबांनी विचारलं, "पिशवी किती वजनाची होती?"

"कोणती पिशवी?"

"पत्रांची. तिच्या खांद्यावरची."

पोस्टमास्तरांना ते माहीत नव्हतं. पण प्रश्न त्यांच्या लक्षात राहिला आणि त्यांनी तो चार जणांना सांगितला. ते चौघं सांत्वनाला आले, तेव्हा जिन्यात त्यांनी तो शेजाऱ्यांना सांगितला. तेराव्या दिवसापर्यंत सगळ्या इमारतीला ठाऊक झालं होतं, की बायको गेल्याचा फोन आला तर या माणसाने पिशवीचं वजन विचारलं. काटेसाहेबांच्या कानावर ते आलं. त्यांनी खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर एकतीस वर्षं मागे जावं लागलं असतं, आणि जिन्यात उभं राहून माणूस एवढा मागे जाऊ शकत नाही.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, पितळी वजन काट्यावर ठेवायचं, काटा खरं बोलतो का ते बघायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना जुनं, वापरातून काढलेलं एक किलोचं पितळी वजन लाकडी पेटीत घालून भेट दिलं. ही भेट पाहून तिला हसू आवरेना. "अहो, बाकीच्यांना घड्याळ देतात," ती म्हणाली. "तुम्हाला ओझं दिलं."

ती पोस्टात होती. रोज सहा-सात तास चालायची. तिची पिशवी फार जड आहे, एका खांद्यावर एवढा भार बरा नाही, असं ते लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत होते. ती ऐकून घ्यायची आणि पिशवी उचलून निघायची. एकदा त्यांनी पिशवी काट्याला टांगून आकडा तिला दाखवलासुद्धा. ती म्हणाली, "हा आकडा तुमच्या काट्याला जड वाटतोय. मला विचारलंत का?"

तिची निवृत्ती तीन आठवड्यांवर आली होती. त्यानंतर दोघं पायी जाणार होती, डोंगरातल्या एका तळ्यापर्यंत. त्या तळ्याचं चित्र तिने वीस वर्षांपूर्वी कुणाला तरी आलेल्या कार्डावर पाहिलं होतं. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये असा पोस्टाचा नियम आहे. चित्र बघू नये असा नाही. तळ्याला जाणारी वाट तीन टप्प्यांची, दोन मुक्कामांची, आणि परवाना आठ महिने आधी काढावा लागतो. तो तिने काढला होता. कामाची वाटणीही झाली होती. "सामान तुमचं, चाल माझी," ती म्हणाली होती. सामानाची यादी त्यांनी केली. वहीत दोन रकाने पाडले, एक 'मी', एक 'ती', आणि प्रत्येक वस्तूचं वजन लिहायला घेतलं. चालीचा हिशेब मात्र तिने कुठेच लिहून ठेवला नव्हता. तो तिच्या पायात होता.

सात महिने गेले. परवान्याच्या तारखेला तीन आठवडे उरले तेव्हा काटेसाहेबांनी वही पुन्हा काढली आणि मुलीला फोनवर सांगितलं, "मी जातोय."

"एकटे? बाबा, तुम्ही भाजी आणायला गेलात तरी दोनदा बसता."

"यादी तयार आहे."

"यादी चालणार नाहीये बाबा, तुम्ही चालणार आहात. मामाला घेऊन जा."

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शहर बसचा ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्त. अठ्ठावीस वर्षं त्याने बसून काम केलं होतं आणि तेवढीच वर्षं न थांबता बोलण्यात घालवली होती. बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती. ती प्रवाशांनी स्वतःच्या बचावासाठी लावली असावी असं काटेसाहेबांचं मत होतं. दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

"भाऊजी, मी येणार," मेहुण्याने फोनवर पहिल्या वाक्यात सांगितलं आणि नंतर वीस मिनिटं बोलला.

आता परवान्यावर नाव बदलून घेणं आलं. काटेसाहेब कार्यालयात गेले, टोकन घेतलं, बाकावर बसले. आपणही सरकारी माणूस, तेव्हा सरकारी खिडकी आपल्याला कळते, असा त्यांचा समज होता. खिडकीतल्या बाईंनी परवाना पाहिला.

"दोघांचा आहे. काय करायचंय?"

"दुसरं नाव बदलायचं. त्या जागी हे." त्यांनी मेहुण्याचं ओळखपत्र सरकवलं.

"मूळ व्यक्तीची सही लागेल. बदल अर्जावर, खाली उजवीकडे."

काटेसाहेबांनी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून काचेखालून सरकवला. तोंडाने काही बोलले नाहीत. एक गोष्ट इथे सांगायला हवी: ते वाक्य या सात महिन्यांत त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. मुलीला पोस्टमास्तरांनी कळवलं, नातेवाइकांना मुलीने, इमारतीला जिन्याने. बँकेत, विम्यात, पोस्टात दाखला बोलला.

बाईंनी दाखला वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, वाईट वाटलं. पण आमच्याकडे दोनच प्रकार आहेत. 'रद्द' आणि 'बदल'. दोन्हीला सही."

"हे तिसऱ्या प्रकारात बसतं," काटेसाहेब म्हणाले.

"तिसरा प्रकार फॉर्मवर नाही."

यावर चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण चौतीस वर्षं त्यांनी स्वतः दुकानदारांना हेच ऐकवलं होतं, याच आवाजात आणि याच सभ्यपणे. एका म्हाताऱ्या किराणावाल्याला तर, परवाना वडिलांच्या नावावर आहे तर वडिलांना घेऊन या, असंही म्हणाले होते. किराणावाल्याने तेव्हा छताकडे पाहिलं होतं. आता काटेसाहेबांनीही पाहिलं. छताला एक पंखा होता.

बाईंनी मागे वळून कुणाला तरी विचारलं, एक जाड पुस्तक चाळलं आणि पेन उचललं. "एक करता येतं. नाव कमी करायला सही लागते. वाढवायला लागत नाही. तुमच्या मेहुण्यांना तिसरं माणूस म्हणून जोडते. तुम्ही दोघं जा. वर कोण मोजतंय?"

अशा रीतीने परवाना तिघांचा झाला.

बातमी इमारतीत पसरली आणि सामान येऊ लागलं. दुःखात असलेल्या माणसाला काही तरी द्यावं असं लोकांना वाटतं, आणि डोंगरात जाणाऱ्याला काही तरी द्यावं असंही वाटतं. काटेसाहेब दोन्ही होते. वरच्या मजल्यावरच्या काकू गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आल्या. काटेसाहेबांनी ती त्यांच्यादेखत तोलली.

"तीनशे दहा ग्रॅम, काकू. पाणी न घालता."

"म्हणजे काय? नको?"

"यादीत बसत नाही."

"कंबर आखडली की बसवा तुमची यादी तिथे!" काकू जिना चढून गेल्या आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी शिट्टी दिली, अकरा ग्रॅम, ती घेतली. त्याबरोबर त्यांनी डोंगरात हरवल्यास काय करावे यावर तास घेतला. त्यांच्या बोलण्यातून एवढंच कळलं की ते स्वतः कधीही कुठेही हरवलेले नाहीत.

काटेसाहेब हात धुऊन ग्रॅमाच्या मागे लागले होते. नकाशाच्या कोऱ्या कडा कापल्या. साबण अर्धा केला, मग त्याचा अर्धा. टॉवेलचे चार तुकडे करून एक घेतला. औषधांच्या पाकिटांतली माहितीपत्रकं काढून टाकली. कपड्यांच्या आतल्या पट्ट्या उसवल्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती: ती पिशवीच्या ओझ्याने गेली. तेव्हा निदान या सॅकमध्ये एक ग्रॅमही फुकटचा असता कामा नये. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटत होता. त्यांच्या दृष्टीने ती उशिरा केलेली तपासणी होती.

बूटसुद्धा त्यांनी तोलले होते. तिने बजावलं होतं की नवे बूट महिनाभर घरात घालून फिरायचे, स्वयंपाकघर ते बाल्कनी. तिने स्वतःचे तसे वापरून मऊ केले होते. काटेसाहेबांनी आपले तोलून परत खोक्यात ठेवले होते.

ठरल्या दिवशी मेहुणा बसस्टँडवर भेटला. त्याच्या पाठीवर कापडी सॅक होती आणि हातात एक मोठी, काळी, मधे खोलगट झालेली गादी.

"हे काय?"

"माझी सीट. निवृत्त झालो तेव्हा डेपोवाल्यांनी हार दिला, मी म्हटलं हार नको, गादी द्या. अठ्ठावीस वर्षं बसलोय हिच्यावर. डोंगरात दगडावर बसणार काय?" मग त्याने काटेसाहेबांचा टॉवेल पाहिला. "भाऊजी, हा टॉवेल आहे की तिकीट?"

वाटेच्या तोंडाशी नाका होता. एक खोली, टेबल, वही, भिंतीला टांगलेला काटा, आणि मिशा विंचरून बसलेला रक्षक. नेमकी त्याच वेळी कॉलेजच्या पोरांची एक मोठी टोळी आत घुसली होती, त्यामुळे रक्षकाने परवाना उघडला, "तीन" म्हणाला, वहीत तीन ओळी भरल्या, आत गेल्याची वेळ टाकली आणि शिक्का मारला. माणसं मोजायला त्याला सवड नव्हती. सॅक मात्र मोजायला होती. साठीपुढच्या माणसाला बारा किलोंवर ओझं नेता येत नाही असा नियम होता.

"घाला काट्याला."

काटेसाहेब निवांत होते. यादीची बेरीज अकरा किलो सहाशे पन्नास. सॅक टांगली. काटा तेरा किलो दोनशेवर जाऊन थांबला.

"काटा चुकतोय," काटेसाहेब म्हणाले.

"गेल्या महिन्यात तपासलाय."

"कुणी?"

रक्षकाला या प्रश्नाची सवय नव्हती. काटेसाहेबांचा चौतीस वर्षांचा निरीक्षकी आवाज पुन्हा जागेवर आला. त्यांनी सॅक उतरवली, तळाशी हात घातला, लाकडी पेटी बाहेर काढली, पेटीतून पितळी वजन काढलं आणि रुमालाने धरून, बोटं न लावता, काट्याला लटकवलं. पोरांची टोळी गप्प झाली. काटा हलला, डुलला आणि बरोबर एक किलोवर स्थिर झाला. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"काटा बरोबर आहे," काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात नाराजी होती आणि आदरही.

"साहेब," रक्षकाने हळूच विचारलं, "हे वजन तुमच्या यादीत आहे?"

यादीत ते नव्हतं. पेटी नव्हती आणि सॅक तोलायला घेतलेला स्प्रिंगचा काटाही नव्हता. खात्यात तपासणीचं वजन मालात धरत नाहीत. ते मालाला तपासायला असतं. चौतीस वर्षांची ती शिस्त त्यांनी सॅकमध्ये भरून पाठीवर घेतली होती. वजन एक किलो, काटा अडीचशे, पेटी तीनशे. उरले अकरा सहाशे पन्नास. यादी अगदी बरोबर होती. यादी करणारा चुकला होता.

मेहुणा गादीवर बसून हसत होता, इतका की पोरांनी त्याला पाणी दिलं. "ताईने हे बघायला हवं होतं! भाऊजी, ताई इथे लोळली असती!"

काटेसाहेबांनी पेटी आणि स्प्रिंगचा काटा रक्षकाकडे ठेवायला दिला, पावती मागितली, मिळवली आणि चालू लागले.

पहिला टप्पा नऊ किलोमीटरचा. नाक्यावर वेळ गेला होता, तो भरून काढायचा असं मेहुण्याने ठरवलं. वेळ भरून काढणं हे ड्रायव्हर लोकांचं व्यसन आहे. तो पुढे सुटला आणि अपमान झालेला माणूस मागे राहत नाही, म्हणून काटेसाहेबही सुटले. पहिला चढ त्यांनी असा चढला की कॉलेजच्या पोरांनी वाट करून दिली. दुसऱ्या चढाला त्याच पोरांनी त्यांना ओलांडलं. तिसऱ्या चढाला एक विलक्षण गोष्ट घडली: मेहुणा बोलायचा थांबला.

काटेसाहेबांच्या आधी लक्षात आलं नाही. मग शांतता कानात वाजायला लागली. मागे वळून पाहिलं तर मेहुणा तांबडालाल होऊन एका झाडाला मिठी मारून उभा होता. काटेसाहेबांच्या उजव्या टाचेला तोवर लिंबाएवढा फोड आला होता. बूट पाचशे नव्वद ग्रॅमचा होता, हे त्यांना पाठ होतं. तो कुठे चावतो हे माहीत नव्हतं.

पहिल्या मुक्कामी पोचायला अंधार पडला. मुक्कामाची बाई दार उघडून कंदील घेऊन उभी होती. टेबलावर तीन ताटल्या मांडल्या होत्या, तीन खाटांवर तीन घोंगड्या.

"तिघांचं बुकिंग आहे ना? तिसऱ्या मागे राहिल्या का?"

काटेसाहेबांनी तोंड उघडलं. मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाढा मावशी, मी दोन माणसांचं जेवतो." आणि तिसऱ्या ताटलीतलं गरम सूप खरंच प्यायला. खाट मात्र रिकामी राहिली. काटेसाहेबांनी तिच्यावर सॅक ठेवली, मग उचलून खाली ठेवली.

दुसरा दिवस दोघांनी फोड आणि गुडघा सांभाळत मुक्कामातच घालवला. परवान्याच्या पाच दिवसांतला एक गेला. बाईने कसला तरी पाला वाटून टाचेवर बांधला. काटेसाहेब दिवसभर अंगणात गादीवर बसले, कारण मेहुण्याने त्यांना उचलून तिच्यावर बसवलं होतं. ती अत्यंत आरामशीर होती. वजन अंदाजे दोन किलो. त्यांनी त्याबद्दल काही बोलायचं टाळलं.

"भाऊजी, आपण चुकलो कुठे माहितेय?" मेहुणा म्हणाला. "ताई म्हणायची, बोलत बोलत चालता येत नसेल तर तू चालत नाहीयेस, पळतोयस. काल मी गप्प झालो तिथेच थांबायला हवं होतं."

"तू गप्प होऊ शकतोस हे मला ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं. भ्यालो मी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्याच्या तोंडाला घड्याळ केलं. तो सलग बोलतोय तोवर चाल बरोबर. वाक्य तुटायला लागलं की हळू. दोन शब्दांमध्ये श्वास आला की थांबा. काटेसाहेबांनी आयुष्यात बरीच मापं वापरली होती, पण इतकं भरवशाचं माप पाहिलं नव्हतं. मेहुणा बोलत होता आणि बोलायला त्याच्याकडे एकच विषय होता. ताईने त्याला सायकल शिकवली ते. ताईने त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही केली ते, आणि पुढे सहा वर्षं केली ते. यातलं अर्धं काटेसाहेबांनी कधी ऐकलंच नव्हतं. सात महिने लोक त्यांच्यासमोर तिचा विषय टाळत होते. इथे त्यांना तो चढाच्या प्रमाणात मिळत होता.

चाळीस मिनिटं झाल्यावर मेहुण्याने घड्याळ पाहिलं आणि गादी टाकली. "बसा."

"मी दमलेलो नाही."

"म्हणूनच बसा. ताईचा नियम होता. दमायच्या आधी बसायचं, पाच मिनिटं. दमल्यावर बसलं की उठणं जड जातं."

"तुला काय माहीत तिचा नियम?"

"वा! माझी बस जायची ना त्या रस्त्याने. अकरा वर्षं. दहा चाळीसला मी तिथून वळायचो आणि दहा चाळीसला ताई त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली असायची. पिशवी मांडीवर, पाय पसरून, राणीसारखी. मी दोनदा हॉर्न द्यायचो. ती हात करायची. प्रवासी विचारायचे, कोण हो? मी सांगायचो, आमच्या साहेब आहेत."

काटेसाहेबांनी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"कोणतं दुकान?"

"शिंप्याच्या शेजारचं. निळ्या फळ्यांचं."

"रोज?"

"रोज. उन्हात, पावसात, सर्दी झालेली असली तरी. तिचा तो थांबाच होता. बस चुकेल, ताई चुकायची नाही."

काटेसाहेबांनी टाचेवरची पट्टी उगाच नीट केली. पोस्टमास्तर म्हणाले होते, बसल्या आणि उठल्याच नाहीत. त्यांनी सात महिने त्या वाक्यात पिशवी घातली होती. ओझ्याने वाकलेली, धाप लागलेली, कुठे तरी टेकायला जागा शोधणारी बाई त्यांना रोज दिसत होती. आता तिथे दुसरीच बाई बसली होती. न दमलेली, पाय पसरून, पिशवी मांडीवर घेऊन, आपल्या वेळेवर.

"त्या दिवशी पिशवी किती वजनाची होती, मला कळलं नाही," ते म्हणाले.

मेहुण्याने ऐकलं. हसला नाही. "भाऊजी, तीस वर्षं ती पिशवी उचलत होती. पिशवीला तिची सवय झाली होती." मग नाक शिंकरून म्हणाला, "चला, पाच मिनिटं झाली. सहा झाली. ताई ओरडेल."

दुसऱ्या मुक्कामी ते दिवस कलायच्या आत पोचले, हसत, आणि पायांची फारशी तक्रार न करता. इथेही तीन ताटल्या होत्या. खिडकीतून दूरवर खिंड दिसत होती. तिच्यापलीकडे सात किलोमीटरवर तळं. उद्या तिकडे जाऊन रात्री इथे परत आलो, तर पाचव्या दिवशी एका दमात नाक्यावर पोचणं अशक्य, हे दोघांनी बोटांवर मोजलं. मेहुण्याने दोनदा मोजून पाहिलं.

"वेळ भरून काढू?" त्याने विचारलं. आवाजात जोर नव्हता.

"नको," काटेसाहेब म्हणाले. "चाल तिची."

सकाळी चहा पिऊन दोघं खिंडीकडे पाठ करून खाली निघाले.

पाचव्या दिवशी चारला ते नाक्यावर आले. रक्षकाने वही उघडली, दोन ओळींत परत आल्याची वेळ टाकली आणि पेन तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"तिसऱ्या कुठायत?"

मेहुण्याने हातातली गादी खाली ठेवली.

"साहेब, तिघं आत गेलात. दोघं बाहेर येताय. पाचपर्यंत माणूस आलं नाही तर मला शोधपथक काढावं लागतं. आठ माणसं, दोन दोर, कुत्रा." त्याने वायरलेस उचलला. "शेवटी कुठे दिसल्या?"

काटेसाहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द येत नव्हता. सपाट जमिनीवर, विश्रांती झालेली असताना. काटेसाहेबांना माप कळलं. त्यांनी सॅक खाली ठेवली. सॅकमध्ये दाखल्याची प्रत होती. ती त्यांनी काढली नाही.

"माझी बायको," ते म्हणाले. "ती आत गेलीच नव्हती. ती सात महिन्यांपूर्वी वारली. पोस्टात होती. सकाळी दहा चाळीसला नेहमीच्या पायरीवर बसली होती. तिथेच गेली."

रक्षकाने वायरलेस ठेवला. मिशांवरून हात फिरवला. बाहेर जाऊन त्याने स्वतः तीन कप चहा आणला, मग तीन का आणले ते त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. मेहुण्याने दोन घेतले.

"माझीच चूक," रक्षक म्हणाला. "न बघता लिहिलं. ही ओळ खोडतो."

काटेसाहेबांचा हात वहीवर गेला. सरकारी वहीत खाडाखोड कशी करतात ते त्यांना ठाऊक होतं: एक सरळ रेघ, बाजूला सही, तारीख. त्यांनी ते हजार वेळा करवून घेतलं होतं.

"राहू द्या," ते म्हणाले.

"मग इथे काय लिहू?"

"पुढच्या वेळी येईन तेव्हा बघू."

रक्षकाने पितळी वजनाची पेटी आणि स्प्रिंगचा काटा परत दिला. सगळ्या पोरांनी ते वजन हातात घेऊन पाहिलं, असं तो म्हणाला. काटेसाहेबांनी पावती फाडली, दोन्ही सॅकमध्ये ठेवलं आणि बसमध्ये बसल्यावर वही काढून यादीच्या शेवटी लिहिलं: पेटी व वजन, एक किलो तीनशे. काटा, अडीचशे. बेरीज बदलली. शेजारी मेहुणा आपल्या गादीवर बसून पुढच्या ड्रायव्हरला वळण कसं घ्यायचं ते सांगत होता.

घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी वरच्या काकूंकडे जाऊन गरम पाण्याची पिशवी मागून आणली. मग बूट घातले आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी फिरायला लागले. हे ते आता रोज करतात, चाळीस मिनिटं, मग पाच मिनिटं बसतात. मेहुणा संध्याकाळी येतो आणि बोलतो. नव्या परवान्याचा अर्ज टेबलावर आहे. माणसांची संख्या हा रकाना अजून भरलेला नाही.

खिंडीपलीकडचे सात किलोमीटर चालायचे राहिले आहेत. आणि नाक्यावरच्या वहीत, तिसऱ्या ओळीत, परत आल्याची वेळ लिहायची राहिली आहे.